बोट घेताना ब्रँड नक्की कशाचा बघायचा?

मालवण-तारकर्ली पट्ट्यात पर्यटकांना फिरवायला बोट घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: सर, यामाहा घेऊ की सुझुकी?

पण ही नावं इंजिनाची आहेत. खालची फायबरची बॉडी बहुतेक वेळा वेगळ्याच कारखान्यातली असते. म्हणजे भरवसा दोघांचा तपासायचा.

बॉडीवाल्याला सांगा, चार-पाच वर्षं पाण्यात असलेली तुमची एखादी बोट दाखवा. तिची मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, नाण्याने ठोकून बघा. टणक आवाज यायला हवा. बद्द आवाज आला तर आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं. त्या बोटीच्या तांडेलाशी दोन गोष्टी बोला, मालकाशी नंतर.

आता इंजिन. नावाजलेल्या कंपन्यांची इंजिनं चांगलीच असतात, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. बिघाड कुठल्याही इंजिनात होतो. पार्ट किती दिवसांत येतो, यावर तुमचा धंदा चालतो. समजा, दिवसाला सहा फेऱ्या, एका फेरीचे १,५०० रुपये, आणि पार्टसाठी बोट आठ दिवस उभी राहिली. ७२,००० रुपये गेले, तेही ऐन मे महिन्यात. पावसाळ्यात तर बोट बाहेरच असते, भरपाई कधी करणार? म्हणून डीलरला थेट विचारा: इंपेलर, पंखा, गिअरचे सील आज दुकानात आहेत का? "मागवून देतो" हे उत्तर मी नाही असंच धरतो.

वॉरंटीची पाटी नीट वाचा. बऱ्याच कंपन्या हौशी वापराला जास्त आणि धंद्याच्या वापराला कमी मुदत देतात. तुमचा वापर धंद्याचा आहे, तेव्हा ती मुदत बिल करण्याआधी लेखी घ्या.

जुनं इंजिन घेत असाल तर गिअर ऑइल काढून बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय. खाऱ्या पाण्यातून आल्यावर रोज गोड्या पाण्याने फ्लश करत होते का, तेही विचारा. आणि प्लेटवरचा सिरीयल नंबर बिलाशी जुळवा. नाही जुळला तर भाव कितीही कमी असो, तिथून उठा.