खत म्हणजे चिठ्ठी नव्हे

आठवीच्या वर्गात मी फळ्यावर लिहिले, 'खताचा कारखाना.' मुंबईहून नव्याने आलेल्या एका मुलाने विचारले, "सर, चिठ्ठ्यांचाही कारखाना असतो?" सारा वर्ग हसला. पण त्याची काय चूक? उर्दूत खत म्हणजे पत्र. उर्दूतील 'खाद'ला मराठीत 'खत' म्हणतात.

मुलांनो, पिकाला मुख्यतः नत्र, स्फुरद आणि पालाश ही अन्नद्रव्ये लागतात. स्फुरद फॉस्फेट खडकात असते. पण हा खडक पाण्यात विरघळत नाही, म्हणून मुळांना ते मिळत नाही. खडकाच्या भुकटीवर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया केली की विरघळणारे सुपरफॉस्फेट तयार होते. इंग्लंडमध्ये जॉन लॉज यांनी १८४२ साली या खताचे पेटंट घेतले.

आम्ल म्हणजे तुमच्या उर्दूतील तेजाब. ते असे तयार करतात : प्रथम गंधक हवेत जाळतात. त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू मिळतो. सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानाला, व्हॅनेडियम पेंटॉक्साइडच्या सान्निध्यात, त्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन सल्फर ट्रायऑक्साइड बनतो. हा वायू सरळ पाण्यात सोडला तर आम्लाचे दाट धुके होते. म्हणून तो ९८ टक्के आम्लात शोषून घेतात आणि मग बेताने पाणी मिसळतात. कारखान्यात हे काम यंत्रे करतात. प्रयोगशाळेत मात्र एक नियम कायम लक्षात ठेवा : पाण्यात आम्ल हळूहळू ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. पाणी उकळून आम्ल अंगावर उडते.

आपल्या महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ थळ येथे, राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा युरियाचा कारखाना आहे. युरियाला गंधक लागत नाही. नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि त्यापासून युरिया बनतो. त्यात ४६ टक्के नत्र असते.

हे ऐकून पोलादपूरकडचा एक मुलगा उभा राहिला. "सर, गेल्या आषाढात अब्बांनी सगळा युरिया एकदमच टाकला. रात्री पाऊस कोसळला. भात पिवळेच राहिले. अब्बा म्हणाले, खतच खोटे होते."

वर्ग शांत झाला. मी म्हणालो, "बेटा, खत खोटे असेलच असे नाही. युरिया पाण्यात झटकन विरघळतो. तुमची खाचरे उतारावर. बांधावरून वाहिलेल्या पाण्याबरोबर तो ओढ्यात गेला असेल आणि ओढ्यातून सावित्रीत. पैसे गेले आणि नदीचे पाणीही बिघडले."

"मग काय करायचे, सर?"

"तोच युरिया दोन-तीन हप्त्यांत द्यावा. लावणीच्या वेळी, फुटवे येताना आणि लोंबी धरताना. बांध नीट करावेत, खाचरातले जास्तीचे पाणी आधी काढावे आणि मोठ्या पावसाचा रंग दिसला तर थांबावे."

त्याने ते वहीत उतरवून घेतले. अब्बांना वाचून दाखवायचे म्हणून खाली उर्दूतही लिहिले. नवा मुलगा हळूच म्हणाला, "सर, हे खताविषयीचे खत झाले!"

शब्दार्थ
नत्र – नायट्रोजन. स्फुरद – फॉस्फरस. पालाश – पोटॅश. खाचर – बांध घातलेले भातशेत. लोंबी – भाताचे कणीस

स्वाध्याय
१. फॉस्फेट खडक तसाच शेतात का टाकत नाहीत?
२. पोलादपूरच्या शेतकऱ्याचे नुकसान कशामुळे झाले असावे?
३. उर्दू व मराठीत वेगळा अर्थ असलेले आणखी दोन शब्द शोधून वाक्यांत वापरा.