ढेकणांची खात्री आधी, पैसे नंतर

सकाळी हातावर, मानेवर रांगेने गांधी उठलेल्या दिसल्या की घरात लगेच पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर शोधला जातो. जरा थांबा. नुसत्या चाव्यांवरून ढेकूण ठरत नाहीत. डास असतील, पिसवा असतील, एखादी अ‍ॅलर्जीही असेल. उलट काहींच्या अंगावर ढेकूण चावल्याची खूणच उमटत नाही. एकाच गादीवर एकजण खाजवत बसतो, दुसऱ्याला पत्ताही नसतो. पुरावा शोधायचा तो पलंगात.

चादर काढा, गादी उभी करा. टॉर्च लावून जुनं एटीएम कार्ड शिवणीच्या दुमडीतून फिरवा. बॉलपेनचं टोक टेकवल्यासारखे काळे ठिपके दिसले, तर ओलं फडकं घासून पाहा. विटकरी फराटा उमटला तर ती पचलेल्या रक्ताची विष्ठा, म्हणजे ढेकूण जवळपास नक्की. सोबत फिकट पिवळी, पारदर्शक टरफलं आणि जेमतेम मिलिमीटरभर लांबीची, चिकटलेली पांढरी अंडी सापडतात. मोठा ढेकूण चपटा, तपकिरी, साधारण पाच मिलिमीटरचा. बॉक्स बेडच्या प्लायवूडचे सांधे, स्क्रूची भोकं, उशाकडच्या फळीची मागची बाजू विसरू नका. ढेकूण तिथेही लपलेले असतात.

आता खर्च. पुण्या-मुंबईत वन बीएचकेला साधारण दीड ते अडीच हजार, टू बीएचकेला दोन ते साडेतीन हजार रुपये धरा. पण भाव विचारताना ‘दोन फवारण्यांचा मिळून किती, जीएसटी धरून की वेगळा?’ असंच विचारा. फवारणीतून अंडी बचावतात आणि सहा ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून दोनेक आठवड्यांनी दुसरी फवारणी लागतेच. एकाच फवारणीचा स्वस्त भाव शेवटी महाग पडतो. झुरळांच्या जेलच्या पॅकेजवर तर एक रुपयाही घालवू नका. ढेकूण रक्तावर जगतो, जेलला तोंड लावत नाही. कीटकनाशक कायद्याखालचा परवाना दाखवायला सांगा, औषधाचं नाव बिलावर लिहून घ्या.

आठ-दहा हजारांची गादी घाईने फेकू नका. नवी आणली तरी पलंगातले ढेकूण तिच्यात शिरणारच. चादरी, अभ्रे, पांघरुणं साठ अंशांच्या गरम पाण्यात धुतली की त्यांतले ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात, तेही जवळपास फुकटात.

आणि एक कळकळीची विनंती. कुणी धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या पलंगाखाली ठेवायला सुचवलं, तर साफ नकार द्या. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्यांतून हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसं दगावतात. ढेकणांमुळे रोग पसरल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही. या गोळ्यांनी मात्र माणसं मेली आहेत.