बिनतक्रार जोडणी

फोरट्रानचा प्रोग्राम बांधताना लिंकर तक्रार करीत असेल तर तो शुभशकुनच समजावा, असे मी तरुण सहकाऱ्यांना सांगतो तेव्हा त्यांना ती म्हाताऱ्याची थट्टा वाटते. परंतु ज्या दोषाला वाचा आहे त्याचा बंदोबस्त करता येतो, आणि जो निमूटपणे आकड्यांत शिरतो तो आराखड्याच्या कागदापर्यंत जाऊन पोहोचतो, हे मी पाहिले आहे.

सांगाड्याच्या विस्थापनाचे गणित करणारा, फोरट्रान ७७ च्या वळणाचा एक प्रोग्राम आमच्याकडे नव्या यंत्रावर चढवायचा होता. समीकरणे सोडविण्यासाठी तो लॅपॅक लायब्ररीतील डीजीईएसव्ही या सबरूटीनला बोलावीत असे. पहिल्या दिवशी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’चा गदारोळ झाला, तो एनएम या साधनाने तासाभरात मिटला. त्याच्या यादीत नावापुढे ‘यू’ असेल तर ते नाव हवे आहे आणि ‘टी’ असेल तर ते येथे उपलब्ध आहे, एवढे ध्यानी ठेवले म्हणजे पुरे. जीफोरट्रान नाव लहान लिपीत लिहून शेवटी अधोरेषा जोडतो, विंडोजवरील इंटेलचा कंपायलर तेच नाव मोठ्या लिपीत अधोरेषेवाचून लिहितो. तेव्हा प्रथम वर्तनी ताडून पाहावी. वर्तनी जुळत असेल तर दोष बहुधा क्रमाचा असतो, कारण स्थिर लायब्ररीतून लिंकर तोवर मागितले गेले असेल तेवढेच उचलतो, आणि म्हणून आधी आपल्या ऑब्जेक्ट फायली, मग लॅपॅक व शेवटी ब्लास, हीच मांडणी हवी.

खरी फजिती पुढे झाली. अचूकता वाढावी या सद्हेतूने कोणीतरी ‘एफ-डिफॉल्ट-रिअल-८’ हा पर्याय घातला. प्रोग्राम बिनतक्रार जोडला गेला, चालला, आणि त्याने एका साध्या तुळईचे विस्थापन असे काही सांगितले की ते ऐकून गवंडीही हसला असता. हा पर्याय साध्या रिअलला आठ बाइटांचा करतो हे सर्वांस ठाऊक असते. पण त्याचबरोबर तो डबल प्रिसिजनला सोळा बाइटांपर्यंत चढवितो, ही गोष्ट दस्तऐवजात छापलेली असूनही वाचतो कोण? लॅपॅक मात्र आठ बाइटांच्याच हिशेबाने बांधलेले होते. परिणामी नेहमीच्या इंटेल यंत्रावर आम्ही धाडलेला १ हा आकडा त्याला आधी ० आणि त्यापुढे १.९३७५ असा दिसत होता, आणि लिंकर बिचारा मुकाट होता, कारण कचेरीतल्या कारकुनाप्रमाणे तो फक्त नावाची रुजवात घेतो, पाकिटात काय आहे ते पाहत नाही.

उपाय दोन. एक, सोबत ‘एफ-डिफॉल्ट-डबल-८’ लिहिणे. दुसरा, आणि माझ्या मते तोच योग्य, असे सरसकट फर्मान न काढता प्रत्येक चलाचा प्रकार मूळ मजकुरातच स्पष्ट घोषित करणे. पर्याय बदलला की जुन्या ऑब्जेक्ट व मॉड फायली काढून टाकून सारे नव्याने बांधावे. अर्धे जुने, अर्धे नवे ही मिसळ विषासमान असते. जीसीसी १० पासून एकाच फायलीतील विसंगत आर्ग्युमेंटांवर कंपायलर त्रुटी दाखवितो. ‘अलाउ-आर्ग्युमेंट-मिसमॅच’ घालून त्याचे तोंड बंद करण्याची घाई करू नये. आणि मोठ्या गणिताला हात घालण्यापूर्वी २क्ष + य = ५, क्ष + ३य = १० एवढीशी जोडी त्याच सबरूटीनकडे पाठवून १ व ३ हेच उत्तर येते ना, ते पाहून घ्यावे.

निकालाच्या पहिल्या पानावर कंपायलरची आवृत्ती आणि पर्यायांची पूर्ण ओळ छापण्याची तजवीजही अवश्य करावी. आयएसओ-फोरट्रान-एन्व्ह या मॉड्यूलमध्ये त्यासाठी ‘कंपायलर-व्हर्जन’ आणि ‘कंपायलर-ऑप्शन्स’ ही दोन फंक्शने फोरट्रान २००८ पासून तयारच ठेवलेली आहेत.