डोंगरातली झोपडी

क्यूबा हे एक बेट आहे. आपल्या देशापासून फार दूर, अमेरिकेजवळच्या समुद्रात. तिथे पूर्वी ऊस पुष्कळ पिकत असे. बेटाच्या पूर्वेला सिएरा माएस्त्रा नावाची डोंगररांग आहे. तिचं सर्वांत उंच शिखर आपल्या कळसूबाईपेक्षा हजारभर फूट उंच आहे. या रांगेत ला प्लाता नावाची जागा आहे. चला, ती पाहून येऊ.

सांतो डोमिंगो गावापासून चढ लागतो. रस्ता असा खडा, की मोटारही धापा टाकते. पुढे पायवाट. बरोबर वाटाड्या घ्यावाच लागतो. दाट झाडी, चिखल आणि धुकं. झोपड्या अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. दिसू नयेत म्हणूनच तशा बांधल्या होत्या, बरं का!

इथे कोण लपलं होतं? १९५२ साली बातिस्ता नावाच्या सेनानीने फौजेच्या जोरावर क्यूबाची सत्ता बळकावली. त्याच्याविरुद्ध लढायला २ डिसेंबर १९५६ रोजी ८२ माणसं एका लहान बोटीतून किनाऱ्याला लागली. फिडेल कॅस्ट्रो त्यांचे पुढारी. थोड्याच दिवसांत फौजेने त्यांची दाणादाण केली. बरेच मेले, बरेच पकडले गेले. जेमतेम विसेक जण डोंगरात पोचले. ना खायला अन्न, ना वाट ठाऊक.

त्यांना शेतकऱ्यांनी जगवलं. हे शेतकरी डोंगर साफ करून पीक काढत, पण जमिनीचा कागद त्यांच्याकडे नसे. जमीनदाराच्या मनात आलं, की शिपाई येऊन त्यांना हुसकून लावत. बंडखोर मात्र घेतलेल्या धान्याचे पैसे मोजत. मग शेतकरी त्यांचे वाटाडे झाले, निरोपे झाले. सगळेच इमानी निघाले असं नाही. गेर्रा नावाचा एक शेतकरी आमिषाला भुलला आणि फौजेला त्यांचा ठावठिकाणा कळवू लागला. १९५७ साली बंडखोरांनी त्याला गोळी घातली.

१९५८ साली ला प्लाताला मुख्य तळ झाला. कॅस्ट्रोंची झोपडी लाकडाची, ओढ्याच्या वर, झाडांत बुडालेली. शत्रू आलाच तर निसटायला चोरवाटा. आत एक खाट आणि रॉकेलवर चालणारं थंड कपाट. एवढं जड कपाट या चढावर कसं आणलं असेल, ते आणणाऱ्यांनाच ठाऊक! जवळ दवाखान्याची झोपडी आहे. वर टेकडीवर रेडिओची. तिथून लढाईच्या बातम्या साऱ्या देशाला ऐकवत.

त्या उन्हाळ्यात सुमारे दहा हजार सैनिक डोंगरावर चालून आले. बंडखोर तीनएकशे. पण फौजेला हा तळ काही घेता आला नाही. १ जानेवारी १९५९ रोजी बातिस्ता देश सोडून पळाला.

पुढे १७ मे १९५९ रोजी नव्या सरकारने जमिनीचा कायदा केला. त्यावर सही राजवाड्यात झाली नाही, इथे ला प्लाताला झाली. सुमारे हजार एकरांहून जास्त जमीन सहसा कोणी ठेवायची नाही, असं ठरलं. कसणाऱ्या कुळांना जमिनी मिळाल्या. मात्र मोठ्या मळ्यांचा बराच भाग सरकारनेच आपल्याकडे ठेवला. कॅस्ट्रोंनी जवळजवळ पन्नास वर्षं राज्य केलं, आणि विरोधी पक्ष राहू दिले नाहीत. हेही सांगितलं पाहिजे.

जमिनीचा कागद हाती आला, पण तो वाचणार कोण? डोंगरात पुष्कळांना अक्षर ठाऊक नव्हतं. १९६१ साली शाळेतली हजारो मुलं-मुली कंदील घेऊन खेड्यापाड्यांत गेली. दिवसा शेतात राबायचं, रात्री शिकवायचं. वर्षभरात सुमारे सात लाख माणसं लिहा-वाचायला शिकली. शेवटची परीक्षा म्हणून प्रत्येकाने कॅस्ट्रोंना एक पत्र लिहायचं होतं. वेड्यावाकड्या अक्षरांतली ती पत्रं राजधानी हवानातल्या एका संग्रहालयात जपून ठेवली आहेत.