खिशातला चाकू: कामाला कोणता घ्यावा, आणि रात्री त्याच्या भरवशावर राहावं का



मागच्या आठवड्यात एका सभासद ताईंचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, दोन-तीनशे रुपयांत जवळ ठेवायला चाकू कोणता घेऊ? शेतातही चालला पाहिजे, आणि रात्रपाळीची लाईट असली की मी एकटी दारं धरायला जाते, तेव्हा सोबत असलेला बरा." प्रश्न एक दिसतो, पण आहेत दोन. दोन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत, म्हणून आजचा मेसेज थोडा लांबला आहे. सवडीने वाचा.

आधी कामाचं. दिवसभरात चाकू लागतो तो सुतळी तोडायला, गोणीची शिवण उसवायला, ठिबकची नळी कापायला, मल्चिंग पेपर फाडायला. कधी जनावर दाव्यात अडकून फास बसतो, तेव्हा गाठ सोडत बसायला वेळ नसतो, दावं कापावंच लागतं. या सगळ्याला तीन ते चार इंचाचं पातं पुरतं. त्याहून मोठं काम असेल तर घरात विळा आहे, कोयता आहे.

घडीचा घ्यावा की सरळ? माझं मत स्पष्ट आहे, सरळ घ्या. मी स्वतः जत्रेतून ऐंशी रुपयांचा घडीचा चाकू घेतला होता. दिसायला झकास, पण पातं उघडल्यावर अडकून राहायची सोय नव्हती. ठिबकच्या नळीला टोक लावून दाबलं आणि पातं उलटं मिटलं ते थेट बोटावर. आतली शीर तुटली, टाके पडले, आणि आजही ते बोट पूर्ण वळत नाही. घडीचाच हवा असेल तर पातं उघडल्यावर पक्कं अडकणारा घ्या. फ्रान्समधला ओपिनेल नावाचा चाकू १८९० पासून निघतो आणि तिकडच्या शेतकऱ्यांच्या खिशात असायचा. त्यालाही १९५५ साली पातं अडकवणारी फिरती कडी बसवावी लागली. आपल्याकडे तो महाग पडतो, म्हणून त्याच्या मागे लागू नका.

सरळ चाकू घेताना पहिल्यांदा मूठ बघा. पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं आणि दोन-तीन रिबिटांनी ठोकलेलं पाहिजे. नुसतं इंचभर आत खुपसलेलं असेल तर सहा महिन्यांत डुगडुगायला लागतं. मग डोळ्यासमोर धरून पातं सरळ आहे का बघा. टोक सुईसारखं अणकुचीदार नको, ते लवकर मोडतं आणि आपल्यालाच टोचतं. ऑनलाइन मिळणारे काळे, दातेरी, मुठीत होकायंत्र असलेले चाकू तर घेऊच नका. मूठ पोकळ असते, आणि त्या दातांना धार लावणारा गावात कोणी सापडत नाही.

लोखंडाचं म्हणाल तर स्टेनलेस गंजत नाही, पण स्वस्तातलं स्टेनलेस मऊ असतं, दोन दिवसांत बोथट होतं. आपल्या भागातले लोहार गाडीच्या जुन्या पाट्यापासून चाकू घडवून देतात. तो गंजतो, पण धार धरतो आणि दगडावर पटकन लागतो. लोहाराला सांगून धारेवर कानस फिरवून बघा. कानस लोण्यात गेल्यासारखी चावली तर पाणी नीट दिलेलं नाही. माझ्या माहितीत असा चाकू दीडशे-दोनशे रुपयांत होतो. उरलेल्या पैशांत धारेचा दुतर्फा दगड घ्या, एका बाजूने जाड, एका बाजूने बारीक.

धार लावताना पातं आधी दगडावर उभं धरा, मग अर्धं झोपवा, मग त्याच्याही अर्धं. हाच साधारण कोन. दोन्ही बाजू सारख्या वेळा ओढा. ग्राइंडरवर मात्र धरू नका, पातं निळं पडलं की त्याचा कडकपणा गेला. कांदा, लिंबू, डाळिंब कापल्यावर पुसून गोडेतेलाचं बोट फिरवा. तेल्या असलेल्या डाळिंबाच्या बागेत चाकू चालवला असेल तर पुढच्या झाडाला लावण्याआधी सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा. काम संपल्यावर साध्या पाण्याने धुवा, नाहीतर गंजेल. मुठीला लाल टेप गुंडाळा, गवतात पडला तरी सापडतो. आणि म्यान हवंच. चांभाराकडून चामड्याचं किंवा जुन्या टायरचं करून घ्या. उघडा चाकू कमरेला खोचून मोटरसायकलवर बसू नका.

आता ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. रात्री चाकूचा आधार किती? खरं सांगायचं तर फार थोडा.

बिबट्याचंच घ्या. तो मागून येतो आणि मान धरतो. २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यात शेतकऱ्यांनी खिळ्यांचे पट्टे गळ्यात घातलेले आपण बातम्यांत पाहिले, ते याचसाठी. अशा वेळी खिशातून चाकू काढायला वेळ मिळत नाही. त्यापेक्षा लांब पल्ल्याची बॅटरी, घुंगरू बांधलेली काठी, मोबाइलवर मोठ्याने गाणी, आणि शक्यतो जोडीला माणूस. उसाच्या कडेला वाकून किंवा बसून काम करू नका, बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. बिबट्या दिसल्यास वनविभागाचा १९२६ नंबर लावा.

सापासाठीही काठी आणि बूट, चाकू नाही. आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगा: साप चावल्यावर चाकूने चीर पाडू नका, रक्त चोखू नका, आवळून बांधू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, कोणताही असो, हातपाय न हलवता माणसाला १०८ वरून सरकारी दवाखान्यात पोचवा.

राहिला माणूस. केबल चोरणारे दोघं-तिघं असतात. आपण चाकू काढला की त्यांच्या हातातलं हत्यारही बाहेर येतं, आणि अंधाऱ्या झटापटीत आपलाच चाकू आपल्यावर फिरू शकतो. दोनशे फुटांवरून बॅटरी मारा, आरडाओरडा करा, ११२ लावा. केबल पुन्हा घेता येते.

कायद्याचंही थोडं. स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पण गरजेपुरतंच बळ वापरता येतं. पळणाऱ्या चोराच्या पाठीत वार केला तर तो बचाव ठरणं अवघड, मग गुन्हा आपल्यावर. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात, त्यातून घरगुती आणि शेतीकामाची अवजारं वगळली आहेत. म्हणून शेतात कोयता चालतो. पण सणासुदीला किंवा निवडणुकीला जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा चाकू जवळ घेऊन बाजारात, सभेत, मिरवणुकीत फिरू नका. शेतातून तालुक्याला जाताना तो घरी ठेवायची सवयच लावून घ्या. बटण दाबून उघडणारा चाकू "शेतीसाठी आहे" असं सांगितलं तर पोलिसांना पटणं कठीण, तो घेऊच नका.

कापलंच तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटं घट्ट दाबून धरा, मध्येमध्ये उघडून बघू नका. हळद, चुना, माती लावू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. बोट वळत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर रक्त थांबलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मी दुसऱ्या दिवशी गेलो, त्याची किंमत अजून मोजतोय. बोट तुटून पडलं तर ते ओल्या स्वच्छ कापडात, मग पिशवीत, आणि ती पिशवी बर्फावर. बोट थेट बर्फात नाही.

ताई, तुम्हाला वेगळं असं: लोहाराकडून चार इंची चाकू करून घ्या, तो दिवसाच्या कामासाठी. रात्रीसाठी बॅटरी आणि काठी घ्या. तुमच्या फीडरवर रात्रपाळी कोणाकोणाची आहे ते या नंबरवर कळवा, म्हणजे शेजारच्या दोघी-तिघींची जोडी लावता येईल.

या शनिवारी सकाळी संकलन केंद्रावर धारवाला बसणार आहे. चाकू, विळे, सिकेटर जाड कागदात गुंडाळून आणा, आणि मुठीवर नाव घाला.