वॉरबर्ग यांचे घर

न्यूयॉर्क शहरात फिफ्थ अव्हेन्यू व ९२ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक भव्य दगडी हवेली आहे. आज तेथे ज्युइश म्युझियम आहे. ते पाहण्यास जाणाऱ्या आपल्या बांधवांनी या घराचा इतिहास जाणून घ्यावा.

फेलिक्स वॉरबर्ग यांचा जन्म १८७१ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे झाला. न्यूयॉर्कला आल्यावर १८९५ मध्ये त्यांचा विवाह दानशूर सावकार जेकब शिफ यांची कन्या फ्रीडा हिच्याशी झाला व ते सासऱ्यांच्या पेढीत भागीदार झाले. १९०८ साली त्यांनी वास्तुशिल्पी सी. पी. एच. गिल्बर्ट यांच्याकडून फ्रेंच गॉथिक धाटणीचे हे घर बांधून घेतले. जावयाचा हा थाट शिफ यांना रुचला नाही, असे सांगतात. या घरात वॉरबर्ग यांची पाच मुले वाढली.

मात्र फेलिक्स केवळ थाटात रमले नाहीत. पहिल्या महायुद्धात संकटग्रस्त यहुद्यांच्या मदतीसाठी १९१४ साली स्थापन झालेल्या जॉइंट डिस्ट्रिब्युशन कमिटीचे ते पहिले अध्यक्ष होते. १९३७ साली ते निवर्तले. जानेवारी १९४४ मध्ये फ्रीडाबाईंनी हे घर ज्युइश थिऑलॉजिकल सेमिनरीला दान दिले आणि मे १९४७ मध्ये तेथे म्युझियम उघडले.

सेमिनरीचा संग्रह १९०४ साली न्यायमूर्ती मेयर सल्झबर्गर यांनी दिलेल्या २६ वस्तूंपासून सुरू झाला होता. पुढे १९३९ साली डांझिगच्या यहुद्यांनी आपल्या सिनेगॉगमधील पवित्र वस्तू सेमिनरीकडे सोपविल्या. पंधरा वर्षांत डांझिगमध्ये यहुदी पुन्हा निर्भयपणे नांदू लागले तर त्या परत द्याव्यात, एरवी अमेरिकेतच ठेवाव्यात, अशी अट होती. ती परतीची वेळ आलीच नाही. डांझिगच्या त्या वस्तू आज वॉरबर्ग यांच्या घरातील म्युझियमच्या संग्रहात आहेत.

यातून आपण काय घ्यावे? कोकणातून मुंबईस व तेथून या देशात येताना आपल्या वाडवडिलांच्या थोड्याच वस्तू बरोबर आल्या: मालिद्याचे ताट, किद्दुशचा पेला, कोणाकडे १८७४ साली पुण्यात छापलेला मराठी हगादा. आपल्या नातवंडांना मराठी वाचता येईलच असे नाही. म्हणून प्रत्येक वस्तूबरोबर एक चिठ्ठी ठेवावी: ती कोणाची, कोणत्या गावची व कोणत्या सणाला काढीत. डांझिगच्या यहुद्यांना हे काम घाईने, संकटात करावे लागले. आपणांस आज सवड आहे.

घरी विचारण्यासाठी प्रश्न:
१) आपल्या घरातील सर्वांत जुनी वस्तू कोणती?
२) तिची हकिकत आज कोणास ठाऊक आहे?
३) ती पुढे कोणाच्या हाती सोपवावी?