विजयदुर्गाचे बंदर

कोल्हापूर शहरातील कसबा बावड्यास पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे. पावसाळ्यात नदीचे पाणी किती फूट चढले हे तेथे मोजतात, आणि सारे शहर त्या आकड्याकडे डोळे लावून बसते. गगनबावड्याकडे पडलेला पाऊस कुंभी नदी पंचगंगेत आणून सोडते. मात्र त्याच डोंगरमाथ्यावरचे थोडे पाणी पश्चिमेकडे वळते, कोकणात उतरते आणि वाघोटनच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. त्या खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग हे लहानसे बंदर आहे. सुटीत करूळ घाट उतरून तेथे जाणारे प्रवासी जणू त्या पाण्याचीच वाट धरतात.

बाहेर समुद्र खवळलेला असो, खाडीत पाणी शांत असते. किल्ल्याच्या आडोशाला मासेमारीच्या होड्या हलकेच डुलत असतात. हा निवाराच पाहुण्यांना मोह घालतो, आणि पूर्वी गलबतांनाही त्यानेच येथे ओढून आणले.

शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस हा किल्ला बांधला, असे मानतात. त्याची राजधानी पन्हाळा होती. तेव्हा कोल्हापूरकरांचे या बंदराशी नाते जुनेच म्हणावयाचे! पुढे शिवाजी महाराजांनी हा किल्ला आदिलशाहीकडून घेऊन बळकट केला. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून गौरविले. त्यांत पन्हाळा आणि विजयदुर्ग हे दोन्ही आहेत.

बुरुजावर उभे राहून खाडीकडे पाहावे. याच पाण्यात आंग्ऱ्यांचे आरमार नांगर टाकून असे. कान्होजी आंग्ऱ्यांच्या काळी त्याचा दरारा एवढा होता, की परकी जहाजे येथे फिरकण्यापूर्वी दहादा विचार करीत. पुढे तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांच्यात वितुष्ट आले. पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी बंदरातील एका जहाजास आग लागली. गलबते एकमेकांना खेटून उभी होती. पाहता पाहता आग एकीवरून दुसरीवर गेली आणि सारे आरमार जळून गेले. मराठ्यांचे समुद्रावरील बळ खचले, ते शत्रूच्या पराक्रमाने जितके, तितकेच घरच्या भांडणाने.

जवळच गिर्ये गावी खाडीच्या काठाला जुनी गोदी आहे. शंभर मीटरांहून अधिक लांबीचे हे विस्तीर्ण कुंड खडक फोडून केलेले आहे. भरतीला गलबत आत घ्यावयाचे, ओहोटीने पाणी उतरले की त्याचा तळ उघडा पडे आणि सुतार कामास लागत. पाणी वर चढवण्याचे आणि खाली उतरवण्याचे सारे कष्ट समुद्रच करी. पुष्कळ प्रवासी किल्ला पाहूनच परततात आणि ही गोदी पाहावयाची राहून जाते. तिकडे जाण्यापूर्वी गावात कोळ्यांना ओहोटीची वेळ विचारून घ्यावी. त्यांना ती तोंडपाठ असते.